बिनउंबऱ्याची चौकट

घर बांधणं सोपं, ते सजवणं कठीण, असं आमचे बाबा म्हणायचे. सरकारी खात्यात ते नकाशे काढायचे. लोकांचे कालवे, पूल आणि विश्रामगृहं काढता काढता त्यांचे केस पिकले, आणि आम्ही चौघं मात्र रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणआळीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. मधल्या दाराला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. सकाळी देवळातली घंटा, मग अंगणातल्या एकुलत्या नळावर बादल्यांची आदळआपट, मग घरमालकाचा रेडिओ, असा आमचा दिवस उगवायचा. घरमालकाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे बातम्या साऱ्या पाऱ्याला मिळायच्या. आई कोपऱ्यात स्टोव्हशी, जमिनीवर बसून स्वयंपाक करायची आणि करता करता बोलायची. तिचं बोलणं बरेचदा "माझ्या घरात" या शब्दांनी सुरू व्हायचं. "माझ्या घरात ओटा राहील. उभ्यानं पोळ्या करीन." "माझ्या घरात चिप्सची फरशी राहील, मधात पितळेच्या पट्ट्या, पाय ठेवला की थंडगार." शेजारीण तिला चिडवायची, "पहले घर तो बनने दो, दीदी." आई म्हणायची, बनेल, बनेल, नकाशा तर दर इतवारी बनून राहिला.

ते खरं होतं. दर रविवारी जेवण झालं की बाबा चटईवर कागद पसरून आमच्या न झालेल्या घराचा नकाशा काढायचे, आणि पुढच्या रविवारी खोडायचे. कुणाचं ऐकायची त्यांना सवय नव्हती. आईने स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला मागितली तर ते दक्षिणेला काढायचे आणि वर कारणही सांगायचे. घरातला चहाचा कपसुद्धा त्यांनी पसंत केलेला असायचा. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते याच्याच उलट झालं, आणि त्या उलट होण्यातच आम्हाला सगळं कळायला हवं होतं. आईला थोडं कळलं होतं असं मला आता वाटतं. मला काहीच कळलं नाही. मी नुकती मॅट्रिक झाले होते आणि नव्या घरात मला स्वतःची खोली मिळणार या एकाच गोष्टीने माझं डोकं भरलेलं होतं.

शहराबाहेर, धानाची शेतं मोडून नवी वसाहत वसत होती, तिथे अखेर भिंती उभ्या राहिल्या. त्याच दिवसांत आईच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं, मामाकडे ती काही दिवस राहिली, आणि परत आली तेव्हा सगळ्यांनी तिला सांगितलं की आता साफ झालं. तीही येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायची, जवळजवळ कौतुकाने. मग स्लॅब टाकला त्या सुमारास तिची पाठ दुखू लागली. आधी वाकताना, मग बसताना, मग नुसतं पडल्या पडल्या. बाबा आणि माझा थोरला भाऊ अरुणदादा तिला पुन्हा नागपूरला घेऊन गेले. या वेळी परत आल्यावर बाबांनी सांगितलं, हाडात कॅल्शियम कमी झालं आहे. दूध वाढवलं. रोज संध्याकाळी पेलाभर दूध आईपुढे यायचं आणि ती नाक मुरडून प्यायची. तिला दुधाचा वास आवडत नसे.

त्यानंतर बाबा एकदम उदार झाले. खिडकी पूर्वेला गेली. ओट्याचा दगड आई म्हणेल तो. एक दिवस त्यांनी टेप काढला, आईला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या कोपरापर्यंतची उंची मोजली. ओट्यासाठी, म्हणाले. मग तिला खुर्चीवर बसवून पुन्हा कोपर मोजलं. आई हसली. "बसून कोण पोळ्या करते ओट्यावर? उभ्यानं करायसाठीच तर ओटा पाहिजे ना." बाबा म्हणाले, "असू दे, दोन्ही मापं असलेली बरी." आणि मापं खिशात घालून ते सायकलवर बसून निघून गेले.

पण काही गोष्टींवर मात्र ते अडून बसले, आणि त्या गोष्टी विचित्र होत्या. आईला न्हाणीघरात पांढऱ्या गुळगुळीत टाइल्स हव्या होत्या. त्यांनी खरबरीत फरशी आणून टाकली. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत पायऱ्या येणार होत्या. तिथे उतार आला. आईने विचारलं तर म्हणाले, स्कूटर चढवायला. आमच्याकडे स्कूटर नव्हती. "कोणाची स्कूटर?" "घेऊ ना." दारं भलतीच रुंद झाली. "कपाट काय उभंच आत न्यायचं आहे काय?" असं आईने विचारलं तेव्हा दादाच घाईघाईने हो म्हणाला. आणि सगळ्यात कहर म्हणजे खुर्चीचा संडास. तेव्हा तो फक्त सर्किट हाऊसमध्ये किंवा मोठ्या साहेबांच्या बंगल्यात असायचा. आईने पदर तोंडाला लावला. "हे कायले? मी नाई बसणार बाप्पा त्याच्यावर. पाय लटकवून का होते?" बाबा म्हणाले, आता हीच फॅशन आहे. ज्या माणसाने आयुष्यभर एकाच कापडाचे शर्ट शिवले, त्याच्या तोंडी फॅशन हा शब्द ऐकून आम्ही दोघी हसलो. संडासाच्या बाजूच्या भिंतीत दादाने एक जाड लोखंडी दांडी बसवली. तो उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात लागला होता. तिथल्याच वर्कशॉपमध्ये त्याने ती वाकवून आणली होती. टॉवेल टाकायला, तो म्हणाला. आई म्हणाली, "इतक्या खाली टॉवेल? याची बायको येईल तेव्हा म्हणेल, सासरे बुटके होते."

इथे थोडं आजचं सांगते. त्याच न्हाणीघरात गेल्या महिन्यात आमच्या निखिलने, म्हणजे दादाच्या मुलाने, नवी फरशी बसवून घेतली. मधल्या काळात वहिनीने हौसेने गुळगुळीत टाइल्स लावल्या होत्या त्या चांगल्या होत्या, एकही फुटली नव्हती. मी कटकट केली. तो म्हणाला, "पुरानी हो गई थी, आत्या." तो नव्या रायपूरला नोकरी करतो, माझं मराठी सगळं समजतो आणि हिंदीत उत्तर देतो. त्या काळी फरशी घासायची म्हणजे केवढा खटाटोप असायचा ते त्याला सांगून पटत नाही. चिप्सची, म्हणजे मोझेइकची, फरशी ओतायची, ती वाळू द्यायची, मग मोठं घासाईचं मशीन लावायचं. त्याची घरघर दिवसभर चालायची, राखाडी चिखल दारातून वाहायचा, आणि त्या चिखलाखालून हळूहळू हिरवे, लाल, काळे दगड वर यायचे. आई त्या चिखलात अनवाणी उभी राहून एखाद्या ठिकाणी पायाने चिखल सारायची आणि खाली दगड दिसला की मला हाक मारायची.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे त्या दिवशी आम्ही दोघी सायकलरिक्षाने नव्या घरी निघालो होतो. दारांचा रंग ठरवायचा होता. आईच्या मांडीवर गोळाभाताचा डबा, आणि माझ्या हातात पूजेचं ताट. समोरच्या दाराची चौकट बसवून झाली होती आणि तिची पूजा झालीच नव्हती. आमच्यात चौकट बसवताना उंबऱ्याखाली नाणं ठेवतात, उंबऱ्याला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, आणि हे सगळं घरच्या बाईने करायचं असतं. पण मिस्त्रीला गावी जायची घाई आहे असं सांगून बाबांनी आईला न कळवताच चौकट उभी करून घेतली होती. आई यावरून दोन दिवस बोलली नव्हती. मग म्हणाली, उशिरा तर उशिरा, मी माझी पूजा करीन. बाबा कचेरीत असताना जाऊ, असं तिनेच ठरवलं. रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला ती रिक्षाच्या छत्रीची सळई घट्ट धरायची आणि डोळे मिटायची. कळ गेली की पुन्हा बोलायला लागायची, दाराला पॉलिश बरं की ऑइलपेंट.

बिसाहू मिस्त्री आतल्या खोलीत खिडकीची झडप रंधत होता. बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा तो गोडसर वास सगळ्या घरात भरला होता. आईने पदर खोचला, चौकटीला हात लावून लावून हळूहळू गुडघ्यांवर आली. मी ताट खाली ठेवलं. तिने हळदीचं बोट पुढे केलं आणि तिथे काहीच नव्हतं. दोन बाजूंचे खांब जमिनीत गेले होते आणि मधे आतली फरशी सपाट, सरळ, व्हरांड्यात निघून गेली होती. आईचं बोट जमिनीवर टेकलं. फरशीवर एक पिवळा ठिपका उठला.

"बिसाहू भैया," तिने हाक मारली, "देहरी कहाँ है?"

बिसाहू रंधा हातात घेऊनच बाहेर आला. "साहब मना करे हे, बाई. कहिस, चक्का वाले कुरसी आही-जाही, त देहरी झन लगाबे."

"कोणाची चाकाची कुर्सी? उंबरा कायले नको?" मी विचारलं. मला वाटलं दुसऱ्याच कुणाच्या घराचं काम त्याच्या डोक्यात आहे.

"मोला का मालूम, नोनी. घर म कोनो बीमार हे, काहत रिहिस." आणि आपण काही फार बोललो असं त्याच्या ध्यानीमनीही नसावं, तो परत आत गेला आणि रंध्याचा आवाज सुरू झाला.

आई तशीच बसून राहिली. तिने आधी उताराकडे पाहिलं. मग दाराच्या रुंदीकडे. मग माझा हात धरून ती उठली, आणि मला वाटलं आता ती घरी जाऊ म्हणेल, पण ती न्हाणीघरात गेली. दार उघडंच होतं. त्या साहेबी संडासाचं झाकण लावून ती त्यावर बसली. हात बाजूला केला. दादाने बसवलेली दांडी बरोबर तिच्या हाताखाली आली. तिने दांडीवर जोर दिला आणि उठून उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मी दारात उभी होते. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मापात आहे."

तेव्हा मला कळलं. खरबरीत फरशी, रुंद दारं, खुर्चीवर बसवून मोजलेलं कोपर, सगळं एका क्षणात कळलं, आणि मी रडायला लागले. आई रडली नाही. तिने मला डबा उघडायला सांगितलं. "बिसाहूले पहिले दे," म्हणाली. आम्ही व्हरांड्यात बसून गोळाभात खाल्ला. म्हणजे तिने खाल्ला. वरून फोडणीचं तेल घालून, रोजच्यासारखा. मला एकही घास गेला नाही. आजही गोळाभात मी करत नाही. कुणी केला तर एक चमचा घेऊन बाजूला ठेवते.

बाबा आणि दादा दुपारी बरोबरच आले. दादा पहिल्या पाळीहून सरळ आला होता, उरल्याच्या धुळीने त्याच्या भुवयासुद्धा काळ्या झाल्या होत्या. आम्हाला तिथे बघून बाबा सायकलवरून उतरायचेच विसरले. मग त्यांची नजर पूजेच्या ताटावर गेली.

आई म्हणाली, "अहो, डॉक्टरनं किती दिवस सांगतले?"

"काय बोलून राहिली? कॅल्शियम कमी आहे, तेच तर..."

"कॅल्शियमले उंबरा आड येते काय?"

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबांनी सायकल भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, त्यांनी ती उचलली नाही. "कोणत्या तोंडानं सांगू तुले?" ते म्हणाले. "तूच सांग, कोणत्या तोंडानं सांगू?"

"तोंडानं नाई सांगतलं. मिस्त्रीच्या हातानं सांगतलं." मग तिचा आवाज प्रथमच चिरकला. "साऱ्या घराले माहीत. लाकूड कापणाऱ्याले माहीत. मलेच नाई माहीत. मी आपली दूध पिऊन राहिली."

त्या दुधाचं मला आजही वाईट वाटतं. खोटं बोलायचं तर निदान तिला आवडणाऱ्या वस्तूचं बोलायचं. तेव्हाची रीतच ती होती, आजाऱ्याला त्याचा आजार सांगायचा नाही. सारा पारा कुजबुजेल, पण ज्याचं मरण आहे त्याच्यासमोर सगळे हसतील. मी बाबांना त्याबद्दल माफ केलं आहे. ते भेकड होते आणि त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. दोन्ही एकाच माणसात मावतं. दादाला माफ करायला मला जास्त वेळ लागला, कारण त्या दांडीला त्याने पॉलिशकागद मारून मारून इतकं गुळगुळीत केलं होतं की हाताला कुठे टोचू नये, आणि एवढं सगळं करताना त्याने मला एका शब्दाने सांगितलं नाही.

आईने मात्र फार वेळ घेतला नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "उंबरा लावा."

"अगं, तू आत-बाहेर कशी करशील? खुर्ची कशी..."

"मी एकदा आत येईन माझ्या पायानं. बाहेर जाताना तुमची खुर्ची कायले पाहिजे? चौघं नेतील." बाबांनी कानांवर हात ठेवले. तिने त्यांचे हात खाली ओढले. मोठ्या माणसांना एकमेकांना असं धरताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "ऐका. अरुणची बायको येईल. ती माप कोठं ठेवून लवंडवेल? सपाट जमिनीवर? दिवाळीले दिवा कोठं लावेल? घर काय माझ्या दुखण्यासाठी बांधून राहिले तुम्ही? माझं दुखणं संपेल, घर राहील."

असं म्हणून तिने रंगाचं कार्ड मागितलं. आणि त्या दिवसापासून सगळं तीच ठरवू लागली. इतकी वर्षं "माझ्या घरात" म्हणत जे काही साठवलं होतं ते तिने भराभर बाहेर काढलं, बाजार उठायच्या आधी पोहोचायचं असावं तसं. बैठकीला तोतापंखी हिरवा. दादाच्या खोलीला गुलाबी. दादा लाजला आणि मग बाहेर जाऊन रडला. माझ्या वरच्या खोलीला मी निळा मागितला तर म्हणाली, नको, थंडीत उदास वाटते, पिवळा घे. मी पिवळा घेतला. स्वतःच्या खोलीबद्दल विचारलं तर म्हणाली, पांढरा द्या, नंतर यांच्या डोळ्यांले बरा. पडद्याचं कापड दुकानदाराने गठ्ठे बांधून घरी पाठवलं आणि ती पडल्या पडल्या एकेक ताका बोटांनी चोळून पाहायची, धुतल्यावर आटेल का, उन्हात विटेल का. त्यांतले काही पडदे वीस वर्षं टिकले. न्हाणीघराची खरबरीत फरशी तिने बदलू दिली नाही, वेळ नाही म्हणाली, आणि त्या संडासाकडे बघून बाबांना म्हणाली, "तो राहू द्या. तुमच्या म्हातारपणी कामी पडेल. मग माझी आठवण कराल."

उंबरा बसला. बिसाहूने चौकटीतलंच उरलेलं बीजाचं लाकूड लावलं. नाणं खाली गेलं. वास्तुशांतीच्या दिवशी आईला रिक्षातून उतरवलं तेव्हा तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता, पण तिने हिरवं नेसलं होतं आणि बांगड्या भरल्या होत्या. ती आता आपणहून खाली बसू शकत नव्हती. बाबांनी तिला दोन्ही काखांत धरून खाली उतरवलं, तिने उंबऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि बाबांनी तिला परत वर उचललं. मग तिने उजवा पाय उचलला. केवढा तो उंबरा, चार बोटांचा. तिचा पाय वर गेला आणि तिथेच थांबला. भटजी मंत्र म्हणत होते. मी एका बाजूला होते, माझ्या दंडात तिची नखं रुतली. मग पाय पलीकडे गेला. ती आत आली, आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "फरशी पाहा, किती थंड आहे."

पुढचं थोडक्यात सांगते. लांबवण्यात अर्थ नाही. पाठीच्या मणक्यात ते पसरलं होतं. आठवडाभरात तिचे पाय गेले आणि चाकाची खुर्ची घरात आली. घरात ती खुर्ची छान फिरायची, दारं रुंदच होती. पण आईला व्हरांड्यात बसायचं असायचं. समोर अजून धानाची शेतं होती, वाऱ्याबरोबर कच्च्या धानाचा दुधाळ वास यायचा. गंमत म्हणजे तो वास तिला आवडायचा. मधे उंबरा. दादाने फळी टाकून उतार केला, तरी चाक चढताना आणि उतरताना हिसका बसायचाच. त्या हिसक्याला ती पदर दातांत धरायची. आम्ही तिला चादरीत घालून उचलून पाहिलं, ते त्याहून वाईट. मग तिने एक दिवस सांगून टाकलं की बाहेर फार ऊन असतं, मला नको. पाऊसपाणी सरून कोवळी थंडी पडायला लागली होती. ती खिडकीतून आकाशाचा तुकडा पाहायची आणि दर थोड्या वेळाने मला विचारायची, शेतात काय दिसून राहिलं?

एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. बाहेरून करवतीचा आवाज आला. आधी आम्हाला वाटलं शेजारी कुणाचं काम चालू आहे. मग आईने माझा हात धरला. "तुझे बाबा कोठं आहेत?"

मी बैठकीत गेले. बाबा उंबऱ्यापाशी गुडघे टेकून बसले होते आणि करवत चालवत होते. ते कागदावर रेघा ओढणारे हात, त्यांना करवत कशी धरायची तेही माहीत नव्हतं. डाव्या टोकाशी बोटभर खोल काप गेला होता. आतून आई ओरडली. तिच्यात एवढा आवाज उरला आहे हे मला माहीत नव्हतं. "अहो! काय करून राहिले? ठेवा ते! ठेवा म्हणते ना!"

बाबांचा हात थांबला. करवत लाकडातच अडकून उभी राहिली. ते वळले आणि तिथेच, उंबऱ्यावर बसले, आणि तोंड झाकून रडले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं, आधी नाही, नंतर नाही. आतून आईला बैठक दिसत नव्हती, पण तिला ते कसं कळलं कोण जाणे. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, आता अगदी हळू, रोजचा. "उंबऱ्यावर बसू नका. उठा. बरं नसते ते."

ते उठले.

धान कापणीला आलं तेव्हा ती गेली. सकाळ होती. चौघांनी उचललं, पुढे दादा होता. दारापाशी येताच बाबा एकदम पुढे झाले, आणि साऱ्या माणसांत, कामावर सूचना द्यावी तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "पाय जपा. उंबरा आहे."

वर्ष उलटल्यावर वहिनी आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं, ते तिने पायाने लवंडलं आणि तांदूळ फरशीवर पसरले. काही दाणे त्या कापात जाऊन बसले. सगळे पाहुणे आत गेल्यावर बाबा काडीने एकेक दाणा काढत बसलेले मी पाहिले. तो काप बुजवायला त्यांनी कुणाला दिला नाही. इतक्या दिवाळ्यांचं हळदकुंकू त्यात साचून आता तो काप जवळजवळ भरला आहे. तो संडास बाबांच्या कामी आला, तिने म्हटलं होतं तसाच. दांडी धरून उठताना ते कधी कधी म्हणायचे, मापात नाही, मला थोडी खाली होते. आता बाबा नाहीत, दादा नाही, वहिनी नाही. मी लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं आणि याच घरात राहिले, वरच्या पिवळ्या खोलीत. निखिल आणि मी, दोघंच.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण आहे. दिवाळीनंतर माझ्या पोटात दुखायला लागलं. निखिलने मला नेलं, तपासण्या झाल्या, कसल्या कसल्या नळ्या घातल्या. रिपोर्ट तोच आणायला गेला. "सब ठीक है आत्या, थोडी सूजन है," म्हणाला. मी विश्वास ठेवला. मग न्हाणीघराची फरशी बदलली, पुन्हा खरबरीत. मग त्याने माझी खोली वरून खाली आणली, जिना चढायला नको म्हणून. माझे गुडघे चांगले आहेत. काल संध्याकाळी मी फिरून आले तर तो समोरच्या दारात उकिडवा बसला होता आणि टेप लावून उंबरा मोजत होता. मला बघून तो दचकला. "आत्या, ये देहरी निकलवा देते हैं. आजकल कोई रखता नहीं. आपका पैर अटक जाएगा किसी दिन."

मी चपला काढल्या. त्याच्या चेहऱ्यावर बाबा दिसत होते, सायकलवरून उतरायला विसरलेले.

"निखिल," मी म्हणाले, "उंबऱ्याचं नंतर पाहू. डॉक्टर काय म्हणाला ते पहिले सांग. मराठीत सांग."

टेप त्याच्या हातातून सुटून सरसर आत गेला. तो तसाच मागे सरून उंबऱ्यावर बसला, त्या कापाशी, आणि त्याने तोंड झाकलं. मी त्याला ऊठ म्हणाले नाही. त्याच्या शेजारी जेवढी जागा होती तेवढ्यात मीही बसले, आणि तो सांगेपर्यंत थांबले.